पिंपातली साखर

१९६४ सालची गोष्ट. शिक्षणासाठी मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका लहानशा गावी राहत होतो. दिवाळी आली. घरची आठवण स्वस्थ बसू देईना, म्हणून घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात मी शंकरपाळ्यांचा घाट घातला. हातून चमचाभर साखर टेबलावर सांडली मात्र, बाईंनी ती लगबगीने कागदावर गोळा करून बरणीत टाकली. मला हसू आले. कुबेराच्या देशात चमचाभर साखरेची काय ती मातब्बरी!

"हसतोस काय?" बाई म्हणाल्या. "या साखरेनं एकदा माझी चारचौघांत शोभा केली आहे. बैस, सांगते."

१९४२ च्या मे महिन्यात तिकडे साखरेचे रेशन सुरू झाले. माणशी आठवड्याला अर्धा पौंड! रेशनची पुस्तके शाळांतून मिळत, आणि ती लिहून देण्याचे काम शिक्षकांकडे होते. तान्ह्या मुलाचेसुद्धा वेगळे पुस्तक. मात्र घरात साखर किती आहे, ते आधी सांगावे लागे. माणशी दोन पौंडांवर साठा निघाला, की त्या हिशेबाने तिकिटे फाडून घेत.

बाईंच्या घरी माणसे तीन. डब्यात साखर तीन पौंड. पण मैद्याच्या पिंपात, तळाशी, आणखी दहा पौंड दडवलेली! आठ वर्षांच्या लेकीच्या वाढदिवसाला केक व्हायला हवा, एवढाच काय तो लोभ. लेकीला बरोबर घेऊन बाई शाळेत गेल्या. टेबलापलीकडे लेकीच्याच वर्गाच्या बाई.

"घरात साखर किती?"

"तीन पौंड."

"आई," लेक म्हणाली, "आणि पिंपातली गं?"

मागे उभ्या असलेल्या शेजारणी खाली बघू लागल्या. शिक्षिका एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी शांतपणे तिकिटे फाडली. वाटेत बाई लेकीवर कडाडल्या. पोर रडत म्हणाली, "पण तूच म्हणतेस ना, खोटं बोलू नये म्हणून!"

"त्या दिवसापासून," बाई म्हणाल्या, "आमच्या घरचा हिशेब लेकीच्या हाती गेला."

आणि हिशेब तरी केवढा! १९४३ च्या मार्चपासून डबाबंद भाज्या-फळांना निळी तिकिटे, मांस, लोणी आणि चीजला तांबडी. पैशांखेरीज प्रत्येक जिनसाचे 'पॉइंट' वेगळे. लोण्याऐवजी पांढरेफटक मार्गारीन मिळे. त्यात पिवळा रंग कालवण्याचे काम पोरांचे. तळणीचे उरलेले तेलतूप गाळून डब्यात साठवायचे आणि खाटकाकडे नेऊन द्यायचे. त्यातल्या ग्लिसरीनची स्फोटके होत. १९४३ च्या अखेरीपासून चरबीच्या बदल्यात पॉइंट मिळू लागले, तेव्हा लेक डबा मिरवतच नेई! परसात टोमॅटो आणि घेवडा होताच. लढाई १९४५ साली संपली; साखरेचे रेशन मात्र १९४७ पर्यंत चालले.

"आम्ही उपाशी नव्हतो," बाई म्हणाल्या. "फक्त मन मारायला शिकलो. तेही पोरीनं शिकवलं."

शंकरपाळे तळून झाले. बाईंनी चवीने खाल्ले. मला मात्र घास उतरेना. मुंबईत रेशन आले तेही १९४३ सालीच. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत देव्हाऱ्यामागे तांदळाचे एक पोते उभे होते, आणि आईने मला बजावले होते, "कुणाजवळ बोलायचं नाही हं!" मी शहाण्या मुलासारखा गप्प राहिलो. त्याच वर्षी बंगालात लाखो माणसे अन्नान्न करीत मेली.

आईला दोष कसा देऊ? तिलाही पोरांचीच काळजी होती. पण दर दिवाळीला शंकरपाळे लाटताना ती न पाहिलेली आठ वर्षांची पोर माझ्याजवळ येऊन उभी राहते आणि विचारते, "आणि देव्हाऱ्यामागचे?"