गाडीने पाहिले, पण ओळखले नाही

कल्याण-नगर रस्त्यावर माळशेज घाटाच्या अलीकडे मुरबाड तालुक्यातले वैशाखरे गाव लागते. रात्री येथे दिव्यांच्या झोतात सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणारा माणूस दिसला, तर चालक काय करतो? आधी ब्रेक दाबतो. तो दूधवाला आहे की शेतावरून परतणारा कोणी, हे नंतर पाहतो. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, टेम्पी शहरात, चाचणीच्या एका गाडीने हा क्रम उलटा केला.

गाडी उबर कंपनीची. मूळ व्होल्वो मोटारीवर रडार, कॅमेरे आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारे यंत्र बसवून ती संगणकाकडून चालवण्याचे प्रयोग वाहत्या रस्त्यावरच सुरू होते. लक्ष ठेवायला चालकाच्या जागी एक व्यक्ती बसलेली असे. (काही महिन्यांपूर्वीपर्यंत दोघे असत.) रात्री दहाच्या सुमारास सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला या गाडीची धडक बसली व ती मरण पावली.

गाडीला ती दिसलीच नाही, असे आपण म्हणू. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासणीत वेगळेच आढळले. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच रडारने तिची नोंद घेतली होती. संगणकाने तिला कधी 'वाहन', कधी 'अन्य वस्तू', कधी 'सायकल' ठरवले. प्रत्येक वेळी नाव बदलले की तिच्या आधीच्या हालचालीचा हिशेब पुसला जाई. मग ती कोठे चालली आहे हे कळणार कसे? ओलांडण्यासाठी आखलेल्या पट्ट्यांखेरीज अन्यत्र पादचारी असू शकतो, ही शक्यताच आज्ञावलीत नव्हती. वैशाखऱ्याच्या रस्त्यावर अशी गाडी आणली असती तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी!

आता थोडे गणित. नववीच्या वर्गात ते फळ्यावर सहज करता येईल. वेग ताशी सुमारे ६९ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अंदाजे १९ मीटर. ५.६ सेकंदांत अंतर होते सुमारे १०७ मीटर. कोरड्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लावल्यास मंदन सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद धरू. थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट, म्हणजे ३६१ ÷ १४, सुमारे २६ मीटर. चौपट जागा हाताशी होती.

धडक अटळ आहे हे संगणकाला कळले तेव्हा १.२ सेकंद उरले होते. खोट्या इशाऱ्यांनी गाडी उगाच गचके खाऊ नये म्हणून अशा वेळी एक सेकंद थांबण्याची सोय रचनाकारांनी केली होती. व्होल्वोचा मूळचा आपोआप लागणारा ब्रेकही संगणक गाडी चालवत असताना बंद ठेवलेला होता. त्या १.२ सेकंदांचे अंतर सुमारे २३ मीटर. ब्रेक लगेच लागला असता तरी गाडी पूर्ण थांबली नसती; पण वेगाचा वर्ग ३६१ वरून ३६१ − (१४ × २३) = ३९ वर आला असता. म्हणजे धडकेचा वेग ताशी २२ किलोमीटर आणि गतिज ऊर्जा जवळजवळ नऊ पटींनी कमी.

चालकाच्या जागी बसलेल्या व्यक्तीची नजर फोनवर होती. चाचण्या पुन्हा सुरू करताना ती एक सेकंदाची सोय काढून टाकण्यात आली आणि व्होल्वोचा ब्रेक चालू ठेवण्यात आला.

विद्यार्थ्यांना आणखी एक उदाहरण द्यावे: पावसाळ्यात घाट उतरून आलेल्या गाडीचे मंदन ओल्या रस्त्यावर निम्मे, ३.५ धरले, तर त्याच वेगाला किती मीटर लागतील?