हौशी रेडिओची परीक्षा

26 डिसेंबर 2004 रोजी सकाळी समुद्राच्या प्रचंड लाटा अंदमान-निकोबार बेटांवर आदळल्या. टेलिफोन बंद पडले. आपली माणसे जिवंत आहेत की नाहीत, हे दूरच्या नातेवाइकांना कळेना. त्या वेळी काही हौशी रेडिओचालक पोर्ट ब्लेअरला आलेले होते. त्यांनी आपल्या बिनतारी संचांवरून लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळवली.

अशा रेडिओचालकाला 'हॅम' म्हणतात. आपण रेडिओ नुसता ऐकतो. हॅम त्यावरून बोलतोही. म्हणून त्याला सरकारचा परवाना लागतो आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. भारतात बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ती देता येते.

परीक्षेच्या एका भागात विजेची व रेडिओची माहिती विचारतात. त्यातले गणित अवघड नसते. 300 ला मेगाहर्ट्‌झमधील कंप्रतेने भागले, की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. समजा, कंप्रता 7.1 मेगाहर्ट्‌झ आहे. मग लहर सुमारे 42 मीटर लांब होईल. साध्या अँटेनाची तार तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे 21 मीटर लागते. नुसते सूत्र पाठ करणारा आकडे बदलले की गोंधळतो. गच्चीवर स्वतः तार बांधून पाहिली, तर ते सहसा विसरत नाही.

दुसरा भाग नियमांचा. पुष्कळ मुले तो शेवटच्या रात्रीसाठी ठेवतात. हे बरे नव्हे. हॅमला रेडिओवर गाणी वाजवता येत नाहीत, व्यापाराचे निरोप देता येत नाहीत. संकटात सापडलेल्याची हाक ऐकू आली, तर त्याने आपले बोलणे लगेच थांबवायचे असते. एकाच कंप्रतेवर दोघे बोलू लागले, तर कोणाचेच नीट ऐकू येत नाही. एखाद्याच्या गप्पांमुळे बुडत्या नावेतील माणसाची हाक विरून जाऊ शकते!

जनरल श्रेणीसाठी मोर्स लिपीही यावी लागते. तिच्यात 'ए' म्हणजे 'डिट डा' आणि 'एन' म्हणजे 'डा डिट'. ही लिपी कानाने शिकावी. टिंबे आणि रेघा मोजत बसणारा मागे पडतो. रोज पंधरा मिनिटे ऐकले, तरी हळूहळू अक्षरे ओळखू येतात.

परवाना मिळाला, की प्रत्येक हॅमला स्वतंत्र संकेतनाव मिळते. भारतात ते सहसा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही हॅम होते. त्यांचे संकेतनाव होते 'व्हीयू टू आरजी'.