पन्नास विरुद्ध चाळीस

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातले, दगडी कोळसा आणि चुनखडीच्या पट्ट्यातले गाव. माजरीहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे इथून जाते. गेल्या हिवाळ्यात तिथल्या एका शिक्षक-मित्राकडे गेलो होतो. संध्याकाळी मैदानावर मुलांची कबड्डी रंगली होती. नववीतला एक मुलगा मात्र मोबाइल हातात धरून कडेला हिरमुसून बसला होता. त्याच्या खेळात दोन राज्ये आणि त्यांचे अखंड युद्ध. ठिकठिकाणचे हजारो खेळाडू इंटरनेटवरून यातल्या एका राज्यात भरती होऊन दुसऱ्याशी लढतात.

“काय झालं रे?” मित्राने विचारले.

“सर, आमच्याकडून कोनी येतच नाही आता. सगळे तिकडेच जाऊन राह्यले.”

“तिकडे म्हणजे?”

“जिकडं जास्त मानसं हायेत, तिकडं.”

या तक्रारीत दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. थोडीशी माणसे जास्त असली, तर विजय थोडासाच मिळायला हवा. तो दणदणीत का होतो? आणि जिथे गर्दी, तिथेच आणखी गर्दी का होते?

पहिला प्रश्न आधी घेऊ. समजा, एका बाजूला ५० आणि दुसऱ्या बाजूला ४० सैनिक आहेत. सगळे सारखेच तरबेज आणि सगळ्यांकडे लांबून मारा करणारी शस्त्रे. शेवटी पन्नासांच्या बाजूचे किती उरतील? वर्गात विचारलेत तर बहुतेक मुले “दहा” म्हणतील. आपणही घाईत तेच म्हणू.

आता हिशेब करून पाहा. प्रत्येक सैनिक एका फेरीत सरासरी एक-दशांश शत्रू टिपतो असे धरा. पहिल्या फेरीत चाळीस जण मिळून ४ शत्रू टिपतील, पन्नास जण ५. उरले ४६ आणि ३५. दुसऱ्या फेरीनंतर ४२.५ आणि ३०.४. (अर्धा सैनिक कसा, असे मुले विचारतीलच, ही सरासरी आहे, हे सांगावे.) पाच फेऱ्यांनंतर सुमारे ३४.६ आणि १८.५. सुरुवातीला मोठी बाजू सव्वापट होती, आता ती जवळजवळ पावणेदोन पटींहून पुढे गेली. कमी माणसे म्हणजे कमी मारा. कमी मारा म्हणजे समोरच्यांची हानी कमी. म्हणून पुढच्या फेरीत आपली हानी प्रमाणाने आणखी जास्त. अकराव्या फेरीत छोटी बाजू संपते आणि मोठ्या बाजूचे २८ शिल्लक असतात. फेऱ्या जितक्या बारीक कराव्यात, तितका हा आकडा ३० च्या जवळ जातो.

तीसच का? ५० चा वर्ग २५००, ४० चा वर्ग १६००, वजाबाकी ९००, तिचे वर्गमूळ ३०. पायथागोरसचे तीन-चार-पाच इथे रणांगणावर भेटतात! हा नियम फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर या इंग्रज मोटार अभियंत्याने १९१४ साली विमानयुद्धाचा विचार करताना मांडला. पुढच्याच वर्षी रशियात ओसिपोव्ह यांनी स्वतंत्रपणे त्याच दिशेने विचार केला. सैन्याचे बळ संख्येच्या प्रमाणात नव्हे, तर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शत्रू दुप्पट असेल, तर आपला प्रत्येक माणूस चौपट भारी हवा. पन्नासांशी बरोबरी करायला चाळिसांतला प्रत्येक जण सव्वापट नव्हे, तर दीडपटीहूनही थोडा अधिक, १.५६ पट, सरस हवा.

मात्र प्रत्येकाला प्रत्येकावर मारा करता येत असेल, तरच हा वर्गाचा नियम लागू पडतो. अरुंद वाटेत एकास एकच भिडू शकत असेल, तर मागची गर्दी नुसती रांगेत उभी राहते. मग पन्नासांतून चाळीस गेले की दहाच उरतात. वर्गातल्या मुलांचे उत्तर इथे बरोबर ठरते. १६६० साली बाजीप्रभूंनी घोडखिंडीत मूठभर मावळ्यांनिशी सिद्दीच्या फौजेला थोपवून धरले, त्यात पराक्रम होताच. पण जागेच्या निवडीने संख्येचा वर्ग पुसून टाकला होता, हेही मुलांना दाखवावे.

आता दुसरा प्रश्न. हरणाऱ्या बाजूचे खेळाडू काय करतात? खऱ्या सैनिकाला घरी जाता येत नाही, खेळणाऱ्याला येते. चार संध्याकाळी हरला की तो खेळ सोडतो किंवा जिंकणाऱ्या बाजूला नवे नाव नोंदवतो. नव्याने येणाराही मित्र जिथे आहेत तिथेच जातो. म्हणजे संख्येतला फरक विजय वाढवतो आणि विजय संख्येतला फरक वाढवतो. डोंगरावरून सुटलेल्या दगडासारखी ही गत. शेवटी जिंकणाऱ्यांनाही लढायला कोणी उरत नाही आणि त्यांचाही खेळ बंद पडतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ च्या प्रसिद्ध खेळात आलायन्स आणि होर्ड असे दोन पक्ष आहेत. त्याच्या काही सर्व्हरांवर कालांतराने जवळजवळ एकच पक्ष उरला.

खेळ बनवणाऱ्यांनी यावर बरेच उपाय केले. एक म्हणजे, मोठ्या बाजूला रांगेत थांबवून दोन्हीकडून सारखेच खेळाडू आत सोडायचे. हे न्याय्य खरे, पण ताटकळणारे कंटाळतात. त्यावर तोडगा म्हणून याच खेळात २०१५ पासून भाडोत्री सैनिकासारखे दुसऱ्या बाजूने लढण्याची मुभा दिली गेली. दुसरा उपाय २००८ मध्ये त्यातल्याच विंटरग्रास्प नावाच्या रणभूमीवर वापरला गेला: जी बाजू संख्येने कमी, तिच्या प्रत्येक खेळाडूची सहनशक्ती आणि मारा वाढवायचा. तो किती वाढवावा? लँचेस्टरचे गणित इथे छान उपयोगी पडते. एकास चार असेल तर बळ सोळापट हवे. पण सहनशक्ती चौपट आणि मारा चौपट केला, की गुणाकार सोळा होतो. कागदावर हिशेब जुळतो. तरीही चौपट बळाचा एक माणूस एकाच वेळी चार बुरुजांवर उभा राहू शकत नाही, हे उरतेच.

तिसरा उपाय मला सर्वांत चतुर वाटतो: दोनऐवजी तीन पक्ष. २००१ सालच्या ‘डार्क एज ऑफ कॅमेलॉट’ने तो वापरला. ५०, ४० आणि ३० असे तीन पक्ष असतील, तर धाकटे दोन मिळून ७० होतात आणि थोरल्याला आवरतात. अर्थात त्यांनी मिळायला हवे. दोघांनी मिळून तिसऱ्या दुबळ्याला लुटणे जास्त सोपे असते. आपल्याकडेही मराठे आणि निजाम १७८० मध्ये हैदरअलीबरोबर इंग्रजांविरुद्ध उभे राहिले, आणि १७९० मध्ये तेच दोघे इंग्रजांबरोबर टिपूविरुद्ध. तिसरा आला की तोल आपोआप राहतोच असे नाही.

हे सारे बोलत असताना समोर कबड्डी चाललीच होती, आणि माझे लक्ष पुनःपुन्हा तिकडे जात होते. हा प्रश्न तिथे फार आधी कोणीतरी हाताळलेला दिसत होता. एक तर चढाई एकट्यानेच करायची. म्हणजे हल्ला करणाऱ्यांची संख्या कितीही असो, वाट खिंडीइतकीच अरुंद. बाद झालेल्यांचे काय करायचे, यावर जुन्या कबड्डीचे प्रकारच पडले आहेत. ‘गामिनी’त बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो, ही सुटलेल्या दगडाची कबड्डी. ‘अमर’मध्ये बाद गडी मैदानातच राहतो, समोरच्यांना फक्त गुण मिळतो, इथे संख्या कधी बदलतच नाही. ‘संजीवनी’त समोरचा एक बाद झाला की आपला एक आत येतो. सात गडी पूर्ण असलेल्या संघाला संजीवनीचा काही उपयोग नाही. ती कामी येते ती ज्याचे गडी बाहेर आहेत त्यालाच. आणि सगळेच बाद झाले तर लोण चढते, प्रतिपक्षाला दोन गुण जास्त मिळतात, पण हरलेला संघ पुन्हा सातच्या सात गड्यांनी उभा राहतो. हार गुणफलकावर नोंदली जाते, मैदान मात्र रिकामे होत नाही. आजच्या स्पर्धांत बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना त्यांनी पकड केली तर त्यांना दोन गुण मिळतात, आणि बचावात सहापेक्षा कमी गडी असतील तर चढाई करणाऱ्याला बोनस रेषेचा गुण मिळत नाही.

वर्गात हे करून पाहायला मोबाइल लागत नाही. तुरीचे २० आणि हरभऱ्याचे १६ दाणे घ्या. प्रत्येक फेरीत प्रत्येक दाण्यासाठी एकदा फासा टाका. सहा पडले की समोरचा एक दाणा बाद. दोन्ही बाजूंचे फासे टाकून झाल्यावरच बाद दाणे उचला. एका डावावरून निष्कर्ष काढू नका, चार-पाच गटांना दहा-दहा डाव खेळायला द्या आणि उरलेल्या तुरींची सरासरी काढा. ती दहाच्या आसपास यावी. मग खिंड करा: दर फेरीत दोन्हीकडून तीनच दाण्यांना फासा. आणि शेवटी संजीवनी लावा: समोरचा बाद झाला की आपला एक आत, पण सुरुवातीच्या संख्येपेक्षा जास्त नाही. निकाल उलटतो की नुसताच लांबतो, ते मुलांनाच पाहू द्या.