‘आय-सेव्हन’चं खूळ आणि बाबांचा कॉम्प्युटर

मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्यात आणि लिबर्टीच्या चौकापासून चार पावलांवरच्या फ्लॅटमध्ये आईबाबा. हैदराबादच्या हिमायतनगरात असं मराठी घर शोधायला फार फिरावं लागत नाही. या घरातला जुना कॉम्प्युटर मान टाकतो, तेव्हा व्हॉट्सॲपवर कुटुंबाची बैठक बसते. बाबांची गरज मोजकी असते: बँकेचे व्यवहार, पेन्शनची कागदपत्रं, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, यूट्यूबवर जुन्या मैफली आणि अधूनमधून मंडळाच्या कार्यक्रमाचं पत्रक. तरी बैठकीचा ठराव दरवेळी तोच. “घेताच आहात तर आय-सेव्हन घ्या, बाबा. आय-थ्री अगदी स्लो असतो.”

असेंबल्ड कॉम्प्युटर घ्यायचा तर हैदराबादकर सिकंदराबादला पार्कलेनमधल्या चिनॉय ट्रेड सेंटरला जातात. बोलण्यात ते नुसतं ‘सीटीसी’. मुंबईला जसा लॅमिंग्टन रोड, तसं हे. नारायणगुड्याला मेट्रोत बसायचं, परेड ग्राउंडला उतरायचं आणि पुढे ऑटो. प्रवास सोपा आहे. अवघड असतो तो डोक्यात घट्ट बसलेला आकडा, कारण बाजार कुठलाही असो, “आय-थ्री नक्को साब, आय-सेव्हन लेलो” म्हणणारा कुणीतरी भेटतोच, आणि घरच्यांनी आधीच पढवून पाठवलेले बाबा लगेच मान डोलावतात.

तर एकदाचं सांगून टाकायला हवं. इंटेलच्या ‘आय’पुढचा ३, ५ किंवा ७ हा आकडा प्रोसेसरचा वेग सांगत नाही. त्या पिढीच्या प्रोसेसरांमध्ये त्याचा क्रमांक कितवा, एवढंच तो सांगतो. चौथीत पहिला आलेला मुलगा आणि बी.ए.ला साठावा आलेला मुलगा यांची तुलना नुसत्या नंबरावरून कुणी करत नाही. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र शिकलेसवरलेले लोक नेमकं तेच करतात. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. आय-सेव्हन ३७७० मधला सुरुवातीचा ३ म्हणजे तिसरी पिढी, साल २०१२. आय-थ्री १२१०० मधले १२ म्हणजे बारावी पिढी, साल २०२२. दोघांतही कोअर चार आणि थ्रेड आठ. जुन्या आय-सेव्हनचा कमाल वेग ३.९ गिगाहर्ट्‌झ, नव्या आय-थ्रीचा ४.३. शिवाय दहा वर्षांत रचना इतकी सुधारली की दर ठोक्याला नवा प्रोसेसर कितीतरी जास्त काम उरकतो. पासमार्क या चाचणीत हा ‘गरीब’ आय-थ्री त्या ‘भारी’ आय-सेव्हनच्या दुपटीहून अधिक गुण मिळवतो. ज्याला शंका असेल त्यानं पासमार्कच्या यादीत दोन्ही नावं शोधावीत, यादी सगळ्यांना खुली आहे.

हा समज आभाळातून पडलेला नाही. २०१७ पर्यंत डेस्कटॉपच्या आय-थ्रीला खरोखरच दोन कोअर असत, आणि चार हवे असतील तर आय-फाइव्हचे पैसे मोजावे लागत. त्या वर्षी मार्चमध्ये इंटेलची स्पर्धक एएमडीनं रायझन हा प्रोसेसर बाजारात आणला आणि इंटेलची बरीच वर्षांची सुस्ती उतरली. वर्ष संपायच्या आत आलेल्या आय-थ्री ८१०० मध्ये चार कोअर होते, म्हणजे आदल्या पिढीच्या आय-फाइव्हइतके. बाजार बदलला, पण काकामामांचा सल्ला २०१२ सालीच थांबून राहिला.

नुकसान नुसतं पैशाचं असतं तर एक वेळ सोडून देता आलं असतं. ‘आय-सेव्हन’ एवढंच ऐकून घेणाऱ्याच्या गळ्यात स्वस्तातला रिफर्बिश्ड आय-सेव्हन पडण्याची शक्यता मोठी असते, आणि तो बहुधा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा असतो. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीप्रमाणे विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रावर आडवाटेनं विंडोज ११ चढवून देणारे आहेत, पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या यंत्रावरून बाबा निवृत्तीची पुंजी हाताळणार, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळण्याची खात्री नसावी, हा कसला ‘भारी’ कॉम्प्युटर? (लिनक्स वापरणाऱ्याला तेच जुनं यंत्र उत्तम चालेल. पण तो बहुधा सल्ला विचारायला येत नाही.) पैसे देण्याआधी दुकानातच यंत्र सुरू करायला सांगावं आणि सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’खाली ‘अबाउट’ उघडून प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

“मग निदान पुढची दहा वर्षं बघायला नको का?” हा पुढचा प्रश्न. बघावीत, पण त्यासाठी आजच आय-सेव्हन कशाला? बाराव्या पिढीच्या आय-थ्रीचं सॉकेट तेराव्या आणि चौदाव्या पिढीलाही चालतं. उद्या खरंच गरज पडली तर बायोस अद्ययावत करून त्याच बोर्डावर मोठा प्रोसेसर बसेल. एएमडीकडे जायचं तर रायझन ५ ५६०० जी हाही घरच्या कामाला भरपूर आहे. त्यातला ‘जी’ तेवढा सोडू नये. ते अक्षर म्हणजे ग्राफिक्स आतच आहे. उलट इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही. म्हणजे प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो आणि वर एक ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं.

ग्राफिक्स कार्डावरून दुसरा गैरसमज सुरू होतो: “छोटंसं तरी टाका, व्हिडिओ छान दिसतील.” हे छोटंसं कार्ड पुष्कळदा जीटी ७१० निघतं. त्यातली चिप यूट्यूबच्या व्हीपी९ आणि एव्ही१ या दोन्ही व्हिडिओ प्रकारांपेक्षा जुन्या काळातली. हे प्रकार तिला स्वतःला उलगडता येत नाहीत, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. आय-थ्री १२१०० मध्ये फुकट आलेलं ग्राफिक्स दोन्ही प्रकार सहज उलगडतं. थोडक्यात, पैसे देऊन व्हिडिओची सोय कमी करून घ्यायची. याला काय म्हणावं?

आता जुना कॉम्प्युटर रडत का होता, ते पाहू. बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसून हार्ड डिस्कचा असतो, असं दुरुस्ती करणारा कुणीही अनुभवी माणूस सांगेल. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी त्याच्या निम्मे, आणि सुईचा दांडा तिथवर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. हिशेब केला तर इकडेतिकडे विखुरलेले तुकडे ती सेकंदाला फार तर ७०-८० वाचते, आणि विंडोज सुरू होताना असे तुकडे हजारोंनी लागतात. एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसल्यामुळे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होतं. आय-सेव्हनवर उधळायचे पैसे इथे लावले तर फरक पहिल्या सकाळी दिसतो.

“पण एसएसडी लिहून लिहून झिजते म्हणे!” झिजते, हे खरं आहे. किती, तेही उत्पादकच छापून देतो. सॅमसंगच्या ८७० इव्होच्या ५०० जीबी एसएसडीची हमी ३०० टेराबाइट लिखाणाची किंवा पाच वर्षांची, जे आधी संपेल ते. बाबांनी रोज २० जीबी लिहिलं, जे ते लिहिणार नाहीत, तरी तेवढ्या लिखाणाला चाळीस वर्षं लागतील. अर्थात एसएसडी काय किंवा हार्ड डिस्क काय, दुसऱ्याच कारणानं अचानक जाऊ शकते. म्हणून फोटोंची एक प्रत बाहेर हवीच.

बाकीचे समज चिल्लर आहेत, पण हट्टी आहेत.

३२ जीबी रॅम? ८ मध्ये भागतं, १६ मध्ये निवांत चालतं, आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे उसळले की त्यापुढे जाणं म्हणजे नुसता शौक.

४५० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) घेतला म्हणून मीटर ४५० वॅटनं पळत नाही. तो आकडा क्षमतेचा आहे. ब्राउझर चालवताना असं यंत्र मॉनिटर सोडून साधारण ३० ते ५० वॅट घेतं, म्हणजे डोक्यावरच्या जुन्या पंख्यापेक्षा कमी. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या बेनाव एसएमपीएसवर मात्र भरवसा ठेवू नये. काटकसर करायची ही जागा नव्हे.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, हे अर्धंच खरं. वीज गेल्यावर एसएमपीएसनं साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा, अशी मानकाची अपेक्षा आहे. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बॅटरीवर जायला त्याला याहून जास्त वेळ लागू शकतो. यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावून पाहावं, नसेल तर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पुरतो.

विकतचा अँटिव्हायरस सक्तीचा नाही. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या संस्थेच्या चाचण्यांत अनेकदा पैकीच्या पैकी गुण घेतो.

निळ्या प्रकाशाच्या चष्म्यानं डोळ्यांचा शीण जातो, याला कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात आधार मिळाला नाही. त्यात १७ चाचण्या तपासल्या होत्या. हेच पैसे २४ इंची आयपीएस मॉनिटरमध्ये घालावेत आणि अक्षरांचा आकार १२५ टक्के करून द्यावा.

रिफ्रेश दाबत राहिल्यानं कॉम्प्युटर ‘मोकळा’ होत नाही. फक्त पडद्यावरची चित्रं पुन्हा रेखाटली जातात.

आणि मंडळाच्या पत्रकासाठी मराठी टाइप करायचं वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवणारा मराठी फोनेटिक कीबोर्ड मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आहे. ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी भाषा जोडली, कीबोर्डांच्या यादीतून फोनेटिक निवडला, की विंडोजची खूण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीतून मराठीत जाता येतं.