बेस हवा, फटाके नकोत

छत्रपती संभाजीनगरहून पैठण जेमतेम पन्नास किलोमीटर. चितेगाव, बिडकीन मागे पडलं की शेतं सुरू होतात आणि पुढे जायकवाडीचं धरण लागतं. एका दमात जाऊन येता येतं, म्हणून लांब पल्ल्याच्या मोटारसायकली बाळगणाऱ्यांचा हा आवडता रस्ता. त्यांतल्या अनेकांना मूळ सायलेन्सर मिळमिळीत वाटतो. गॅरेजमध्ये पहिली मागणी असते ती ‘बेस’ची.

ही मागणी रास्त आहे, पण ती पुरी करायची तर आवाज येतो कुठून हे कळायला हवं. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. मिनिटाला 3000 फेरे असतील तर सेकंदाला 25 ठोके. बुलेट संथ चालताना ते सुटे सुटे ऐकू येतात. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर 650 मध्ये सिलिंडर दोन आणि क्रँक 270 अंशांचा. त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर एकदा 270 अंश, तर एकदा 450 अंश पडतं आणि आवाजाला लंगडती लय येते. आवाजाचा स्वभाव असा इंजिनातच ठरतो. त्यातलं किती आणि काय बाहेर जाऊ द्यायचं, ते सायलेन्सर ठरवतो.

कंपनीचा सायलेन्सर कापून पाहिला तर आत पत्र्याचे कप्पे आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या दिसतात. ध्वनिलहरी कप्प्यांत आपटून उलट फिरतात आणि एकमेकींना मारतात. बाहेरून विकत मिळणाऱ्या बऱ्याच सायलेन्सरांत मात्र भोकांची एक सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचेची लोकर ठासलेली असते. ही लोकर चिरका आवाज शोषते आणि खालचा घुमारा राहू देते. बेस म्हणतात तो हाच. वापरात लोकर जळते, झडते आणि आवाज पत्र्यासारखा वाजू लागतो. मग ती बदलावी लागते. आवाज दाबण्यासाठी तोंडाशी बोल्टने बसवलेला ‘डीबी किलर’ काढला तर नुसता बेस नाही, सगळाच आवाज वाढतो.

कारखानेही या नळीत फेरबदल करतात, कधी ताकदीसाठी, कधी आवाजासाठी. बजाज ऑटोने आपल्या काही गाड्यांत एक्झॉस-टेक नावाचा छोटा कप्पा इंजिनाजवळच्या नळीला जोडला, तो कमी फेऱ्यांवर ओढ वाढावी म्हणून. 2019 च्या डॉमिनार 400 ला दोन तोंडांचा सायलेन्सर दिला आणि तिचा आवाज आधीपेक्षा भरदार झाला.

निम्मा खेळ हवा आत घेण्याच्या बाजूला आहे. एअर बॉक्स म्हणजे फिल्टर ठेवण्याचा नुसता डबा नव्हे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा तो ठरावीक सुरात घुमतो. तो सूर चालवणाऱ्याच्या जवळ राहतो, म्हणून टुरिंगच्या गाडीत त्याची मजा मोठी. पण बॉक्स काढून उघडा शंकूसारखा फिल्टर लावणं मराठवाड्यात महागात पडतं. उन्हाळ्यातली बारीक धूळ हलक्या प्रतीच्या फिल्टरमधून आत शिरली की पिस्टन रिंगा घासतात. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर इंजिन तापतं. बीएस-6 गाड्यांचा ऑक्सिजन सेन्सर हे मिश्रण काही मर्यादेतच सावरून घेतो. त्यापुढे ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, मॅपिंग बदलावं लागतं. थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येत असेल, तर बहुधा सायलेन्सरच्या सांध्यातून बाहेरची हवा शिरून न जळलेलं पेट्रोल नळीत पेटत असतं. काही जण त्यालाच ताकद समजतात.

भारतात 175 सीसीवरच्या दुचाकीसाठी कारखान्याला चाचणीत 80 डेसिबलची मर्यादा पाळावी लागते. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे. रस्त्यावर आवाजाचे नियम मोडले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. राज्यात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवले आहेत. पैठणच्या वाटेवर तर आणखी जपायला हवं. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, हे पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तिथे रोहित उतरतात.

म्हणून बदल करायचा तर बेंड पाईप आणि त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तसाच ठेवून फक्त मागचा डबा बदलावा, आवाजाची मर्यादा पाळणारा निवडावा आणि डीबी किलर जागेवर असू द्यावा. एअर बॉक्स शाबूत ठेवावा, फिल्टर वेळेवर बदलावा. सांध्याचं गॅस्केट नवं घालावं. आणि मूळ सायलेन्सर भंगारात न देता घरी जपून ठेवावा. गाडी विकताना गिऱ्हाईक तोच आधी मागतं.