फूल काढायचंय? आधी पाकळ्या मोजा!

मी बारामतीतून बोलतोय. इंदापूरच्या एका दादाने व्हॉइस नोट पाठवलीय. त्याच्या धाकट्या बहिणीला एलिमेंटरीला बसायचंय, म्हणजे कला संचालनालय घेतं ती शासकीय रेखाकला परीक्षा. क्लास लावणं परवडणारं नाही, आणि ती म्हणते, "मला साधं फूलपण येत नाही."

तर आजचा भाग तिच्यासाठी, आणि "आपला हातच चित्रकलेचा नाही" म्हणून पाचवीतच पेन्सिल ठेवून दिलेल्या सगळ्यांसाठी. सामान काय लागेल? कागद, पेन्सिल, एक वाटी आणि दारातलं खरं फूल.

मुळात अडतं कुठे? बहुतेकदा हातात नाही, बघण्यात. फूल काढ म्हटलं की आपण मधे गोळा आणि भोवती गोल गोल पाकळ्या काढून मोकळे होतो. हे ना जास्वंद असतं, ना तगर. आम्ही कोड लिहिण्याआधी डेटा बघतो, तसं इथे आधी फूल बघायचं आणि पाकळ्या मोजायच्या. तगर, सदाफुली, चाफा, एकेरी जास्वंद: पाच. ताम्हण, म्हणजे आपलं राज्यफूल: बहुतेकदा सहा. मोहरी: चार.

पाच पाकळ्यांची जास्वंद

१. वाटी उपडी ठेवून फिकट वर्तुळ काढा. पाकळ्यांची टोकं इथपर्यंतच येणार.

२. मध्यबिंदू द्या आणि तिथून पाच रेषा काढा. कोनमापक असेल तर दर 72 अंशांवर. नसेल तर हातपाय पसरून उभा असलेला माणूस आठवा: एक डोकं, दोन हात, दोन पाय. झाल्या पाच दिशा!

३. प्रत्येक रेषेवर एक पाकळी काढा. मधे निमुळती, बाहेर रुंद, कड जरा लाटांसारखी. प्रत्येक पाकळीची एक बाजू शेजारणीखाली दडलेली असते, तेवढा भाग काढूच नका. फूल लगेच खरं वाटायला लागतं.

४. आता मधून बाहेर येणारी लांब दांडी. तिच्यावर परागांचे बारीक ठिपके आणि टोकाला पाच छोटे गोळे. ही दांडी काढली की कुणीही सांगेल, जास्वंद आहे.

५. मदतीच्या रेषा शेवटी पुसा. तोपर्यंत खोडरबर लांब ठेवा.

सहा पाकळ्या

हे तर आणखी सोपं. कंपासने वर्तुळ काढा आणि तेच अंतर ठेवून परिघावर खुणा करत जा. बरोबर सहा बसतात. एलिमेंटरीच्या संकल्पचित्रात दिलेला आकार नक्षीने भरायचा असतो, तिथे ही युक्ती कामाला येते. याच सहा दिशांवर ताम्हण काढायचं असेल, तर पाकळ्या चुरगळलेल्या कागदासारख्या आणि बुडाशी अगदी बारीक काढा.

झेंडू

इथे मोजत बसू नका. बाहेरची रांग आधी, मग आतली. आतली पाकळी बाहेरच्या दोघींच्या फटीवर यायला हवी, कौलं रचतात तशी. आत जाल तशा पाकळ्या लहान करा.

फूल तिरकं असेल तर?

ताट वरून पाहिलं तर गोल दिसतं, डोळ्यासमोर आडवं धरलं की लंबगोल. फुलाचंही तसंच. म्हणून वर्तुळाऐवजी आडवा लंबगोल काढा. पसरट फुलाच्या समोरच्या आणि मागच्या पाकळ्या आखूड दिसतील, बाजूच्या लांब. एवढं एक जमलं की चित्र कागदावरून उठून येतं.

मोबाइलवर काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ॲपमधलं सिमेट्री टूल रांगोळीच्या नक्षीला मस्त आहे, पण शिकताना ते बंद ठेवा. खऱ्या जास्वंदीच्या दोन पाकळ्या कधी हुबेहूब सारख्या नसतात, आणि तो फरक टिपायलाच तर आपण बसलोय.

या आठवड्याचं काम: रोज एकच फूल, दहा मिनिटं. पाच मिनिटं नुसतं बघायचं, पाच मिनिटं काढायचं. तारीख टाका, पान फाडू नका. सातव्या दिवशी पहिलं पान उघडून बघा.

आणि हो, आपल्याकडे नजर जाईल तिथे उसाला तुरा दिसतो. तोही फुलोराच बरं का! पण त्यात हजारो बारीक फुलं असतात, त्यामुळे तो लगेच काढायला घेऊ नका. आधी तगर, मग जास्वंद. तुऱ्याचं पुढच्या भागात बघू.