क्विस्लिंग नेमका होता तरी कोण?

परकीय आक्रमकाशी हातमिळवणी करून स्वतःच्या देशाशी फितुरी करणाऱ्याला इंग्रजीत ‘क्विस्लिंग’ म्हणतात. उच्चारावरून हा शब्द इंग्रजीतच पिढ्यान्पिढ्या रुळलेला असावा, असं वाटतं. प्रत्यक्षात ते आडनाव आहे, विदकुन क्विस्लिंग या नॉर्वेजियन पुढाऱ्याचं. घराण्याला ते मिळालं डेन्मार्कमधल्या क्विस्लेमार्क या गावावरून. त्यात फितुरीचा वासही नव्हता.

हा शब्द चर्चिलनं घडवला, असंही सांगितलं जातं. जून १९४१ च्या भाषणात त्यानं तो गाजवला, एवढंच खरं. लंडनच्या ‘द टाइम्स’नं १९ एप्रिल १९४० च्या अग्रलेखातच हे नाव अनेकवचनात वापरलं होतं. तेव्हा नॉर्वेवरच्या जर्मन हल्ल्याला जेमतेम दहा दिवस झाले होते.

सगळ्यात पक्का गैरसमज असा, की या घरभेद्यानं वेशीचे दरवाजे उघडले म्हणून नॉर्वे पडला. डिसेंबर १९३९ मध्ये तो बर्लिनला जाऊन हिटलरला भेटला होता, हे खरं. पण जर्मनीचा डोळा नार्विक बंदरातून येणाऱ्या स्वीडिश लोहखनिजावर आणि नॉर्वेच्या किनाऱ्यावर होता. तेवढं कारण तिला पुरेसं होतं. शिवाय नॉर्वे लढला. ९ एप्रिलच्या पहाटे ऑस्कर्सबोर्ग किल्ल्यातल्या जुनाट तोफा आणि टॉर्पेडोंनी ओस्लोकडे निघालेली ‘ब्ल्यूखर’ ही जर्मन युद्धनौका बुडवली. त्यामुळे मिळालेल्या अवधीत राजा, सरकार आणि संसद ओस्लोतून निसटले. संध्याकाळी क्विस्लिंगनं रेडिओवरून परस्पर स्वतःला पंतप्रधान जाहीर केलं! त्याला नेमण्यापेक्षा आपण गादी सोडू, असं राजा सातवा हाकोन यानं मंत्र्यांना सुनावलं. लोकांचा पाठिंबा नाही म्हटल्यावर जर्मनांनीच आठवड्याच्या आत त्याला बाजूला केलं.

पाठिंबा असणार तरी कुठून? १९३३ मध्ये काढलेल्या त्याच्या पक्षाला निवडणुकांत दोन टक्क्यांच्या आसपास मतं पडत. संसदेत एकही जागा नव्हती.

म्हणजे युद्धाची पाचही वर्षं देश त्याच्या मुठीत होता, हेही चूकच. खरी सत्ता हिटलरनं नेमलेला जर्मन प्रशासक योसेफ टेरबोफेन याच्याकडे होती. क्विस्लिंगला मंत्रिप्रमुखपद मिळालं फेब्रुवारी १९४२ मध्ये. शिक्षकांना आपल्या संघटनेत जबरदस्तीनं कोंबायला तो निघाला, तेव्हा हजारो शिक्षकांनी लेखी नकार पाठवला. हजाराहून अधिक जणांना अटक झाली, शेकडोंना पार उत्तरेला किर्केनेसला मजुरीसाठी धाडलं, तरी योजना बारगळलीच.

माणूस बिनडोक मात्र नव्हता. लष्करी अकादमीत तो अव्वल होता. नॉर्वेजियन शोधप्रवासी आणि मदतकार्याचा नेता नान्सेन याच्या हाताखाली त्यानं युक्रेनमध्ये दुष्काळ-निवारणाचं काम केलं, पुढे संरक्षणमंत्रीही झाला. मॉस्कोत ब्रिटनचे हितसंबंध सांभाळल्याबद्दल ब्रिटिशांनी त्याला किताब दिला होता; तो १९४० मध्ये काढून घेतला.

तो जर्मनांचं बाहुलं होता, म्हणून त्याचा गुन्हा हलका होत नाही. त्याच्याच राजवटीतल्या नॉर्वेजियन पोलिसांनी ज्यूंची धरपकड केली. २६ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘डोनाउ’ जहाजातून पाचशेहून अधिक ज्यू ओस्लोतून रवाना झाले. त्यांना आउश्वित्झला नेण्यात आलं. त्यातले अगदी थोडे जिवंत राहिले. २४ ऑक्टोबर १९४५ रोजी ओस्लोच्या आकर्शहुस किल्ल्यात क्विस्लिंगला गोळ्या घालण्यात आल्या. ओस्लोतला त्याचा आलिशान बंगला आता ज्यूंच्या संहाराचा अभ्यास करणारं केंद्र आहे.